गच्चीवरची कोपी

"सावलीनं कुनाचं वाईट झाल्यालं म्या तरी ऐकलं न्हाई," असं रंभाजी साळवे एकदा म्हणाले होते. तेव्हा मार्च सरत आला होता. डोक्यावर पाचटाचा, म्हणजे उसाच्या वाळक्या पानांचा, भारा घेऊन ते नगरच्या सावेडीतल्या आमच्या इमारतीचा जिना चढत होते. घरमालकीण छबूबाईंनी हा कचरा वर कशाला म्हणून हटकलं होतं, त्याचं ते उत्तर होतं.

गच्चीवर एकच खोली होती. तिथं रंभाजी आणि त्यांचा मुलगा सम्राट राहायचे. सम्राट पुण्यात एसी बसवण्याचं काम करायचा. चौथ्या मजल्याच्या भिंतीबाहेर, लोखंडी स्टँडवर यंत्राचा बाहेरचा भाग ठेवताना तो खाली पडला. जगला, पण मानेतला मणका गेला. खांदे हलत, कोपरं थोडी वाकत. बोटं गेली, पाय गेले. शिवाय बाहेरून दिसत नाही असं एक गेलं: त्याला घाम येईनासा झाला. डॉक्टरांनी बापलेकांना समोर बसवून सांगितलं होतं की, अंग तापलंय हे मेंदूला कळवणारी वाटच तुटली आहे. खोली तापली की हा तापणार, खोली गारठली की हा गारठणार. "भिंतीसारखा," असं सम्राटनंच पुढं जोडलं होतं.

म्हणून खोलीत यंत्र आलं. उन्हाळ्यात गार आणि थंडीत गरम हवा सोडणारं. पुण्यातल्या त्याच्या सोबत्यांनी मिळून ते घेतलं, आणि त्याचा जुना जोडीदार कानिफनाथ येऊन बसवून गेला. आतला भाग सम्राटच्या पायांकडच्या भिंतीवर, बाहेरचा खोलीमागं, पाण्याच्या टाकीशेजारी.

रंभाजी मूळचे पाथर्डीकडच्या डोंगराळ वस्तीवरचे. सारं आयुष्य ऊसतोडीत गेलेलं. ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक कोयता मोजतात. त्यांचा कोयता विमलबाई आणि ते. विमलबाई एका हंगामात उसाच्या फडातच आजारी पडल्या आणि त्यातच गेल्या. त्यानंतर ते अर्धा कोयता झाले. मुकादमाच्या तोंडचा हा शब्द ते स्वतःबद्दल सहज वापरत, जसं कुणी आपलं गाव सांगावं. दसऱ्यानंतर घर सोडायचं आणि ऊन तापल्यावर परतायचं, हे थांबलं नाही. सम्राट आणि त्याची थोरली बहीण शुभांगी शाळेच्या वयाची झाली तशी आजीजवळ राहिली. त्यामुळं बापाचा मुलांना जो काही सहवास मिळाला तो उन्हाळ्यांचाच. सम्राट म्हणायचा, "लहानपणी शाळेत उन्हाळा ऋतूवर निबंध आला की मी आबांवर लिहायचो. बाईंना कळायचंच नाही."

अपघातानंतर ऊसतोड सुटली, आणि आता पहिल्यांदाच बारा महिने दोघं एका छताखाली होते. रंभाजींनी सगळं शिकून घेतलं. ठरल्या वेळी कूस बदलायची, पाठीला चट्टा पडलाय का बघायचं, लघवीची पिशवी रिकामी करायची, घास किती मोठा चालतो ते. ज्या हातांनी जन्मभर ऊस बुडातून तोडला, ते हात मुलाचं मनगट उचलताना असे थबकत की बघणाऱ्याला वाटावं, हे काही उचलत नाहीत, ठेवतायत. हिवाळा चांगला गेला. यंत्र ऊब देत राहिलं. रंभाजींना त्याचं फार कौतुक. संध्याकाळी ते मागं जाऊन बाहेरच्या डब्यावरची धूळ पंच्यानं पुसून येत.

मार्चअखेर एका दुपारी त्यांनी असाच पंचा लावला आणि हात मागं घेतला. पत्रा चटका देत होता. टाकीची सावली दुपारनंतर तिथून सरकायची आणि पश्चिमेचं ऊन थेट त्या डब्यावर यायचं. रंभाजी बराच वेळ त्याच्यासमोर उभे राहिले असावेत. हे आपल्या लेकराला गार ठेवतंय आणि आपण ह्याला उन्हात ठेवलंय, हा विचार त्यांच्यासारख्या माणसाला सहन होणारा नव्हता. फडात विमलबाई मोळ्या बांधायच्या तेव्हा सम्राट बैलगाडीखाली झोपलेला असे, आणि सावली सरकेल तशी रंभाजी कोयता टाकून येऊन त्याला सरकवत. मुकादम शिव्या घाली. तेवढं एक बापपण त्यांच्या वाट्याला आलं होतं, आणि ते त्यांना अजून येत होतं.

त्यांनी कोपी बांधली.

ऊसतोडीचे लोक कारखान्याच्या तळावर सहा महिने जिच्यात काढतात, ती कोपी. बांबू वाकवून, दोरीनं आवळून, वरून पाचट दाट शाकारून. रसवंतीवाल्याकडून त्यांनी पाचट आणलं, बांधकामावरून बांबूचे तुकडे आणले. बाहेरच्या डब्याच्या मापाची, बुटकी, तिन्ही बाजूंनी बंद आणि उगवतीला दार असलेली. दाराला गोणपाटाचा पडदा, आणि तो दुपारी ओला करायचा. आत तो डबा असा दिसे की कुणी गुडघ्यात डोकं घालून बसलंय. छबूबाई पापड वाळवायला वर गेल्या तेव्हा हरखल्या. "साळवे, माझ्या टाकीला पण एक बांधा की! पाणी कढत येतंय नळाला."

"बांधू की. त्यात काय!" रंभाजी म्हणाले.

काही दिवसांतच यंत्र बिघडलं. म्हणजे बंद पडलं नाही. चालू व्हायचं, जरा गार हवा यायची, मग मागून धप्प असा आवाज यायचा आणि नुसता वारा उरायचा. थोड्या वेळानं पुन्हा घरघर, पुन्हा गार, पुन्हा धप्प. दुपारभर तेच. खाली आमच्या घरातही तो धप्प ऐकू यायचा, आणि आपण पुढच्याची वाट पाहत बसायचो. झोपलेल्या माणसाचा श्वास अडखळतो आणि शेजारचा जागा राहतो, तसं.

त्या आठवड्यात सम्राटला पहिला ताप चढला. ताप म्हणजे आजार नव्हे, नुसती खोलीची उष्णता अंगात शिरलेली. तो बडबडायला लागला, मग बडबड थांबली. रिक्षात घालता येईना म्हणून शेजारच्याची गाडी काढून दवाखान्यात नेला. बर्फाच्या पिशव्या, सलाइन. शुभांगी चिंचवडहून धावत आली. ती तिकडं एका रुग्णालयात नर्स आहे. बोलायला तोडकी, कामाला पक्की. भाऊ शुद्धीवर आल्यावर तिनं बापाला बाहेर व्हरांड्यात घेतलं.

"आबा, तिकडं एक केंद्र हाय. अशाच पोरांसाठी. चोवीस तास माणसं, हवा एकसारखी. मी त्याचं नाव घालून ठेवलंय."

"म्हंजी? आन मी?"

"तुम्ही येऊन भेटायचं."

"भेटायचं," रंभाजी म्हणाले. "आजवर भेटतच आलोय गं."

शुभांगीनं हातातली औषधांची चिठ्ठी घडी करून पर्समध्ये ठेवली. मग म्हणाली, "बरं. ते मशीन नीट करा. महिनाअखेरीपर्यंत नीट चाललं तर राहू द्या त्याला इथं, मी शब्द काढणार न्हाई. न्हाई झालं तर मी गाडी घेऊन येते. आबा, अजून एक असा ताप आला तर तो उठायचा न्हाई. हे मी मुलगी म्हणून न्हाई सांगत."

एवढंच पणाला लागलं होतं, आणि ते दोघांनाही ठाऊक होतं.

एसीचा हंगाम असल्यानं मेकॅनिक मिळत नव्हते. उद्या येतो म्हणत आणि येत नसत. कानिफ पुण्यात कामात बुडालेला. पण खरं सांगायचं तर सम्राटलाच दुसरा माणूस नको होता. "मी मेलोय का?" तो म्हणाला. "आबा, तुमचे हात, माझं डोकं. आपण दोघं मिळून एक मेकॅनिक."

"एक कोयता म्हन की," रंभाजी म्हणाले, आणि दोघंही हसले.

मग ते दिवस सुरू झाले. सकाळी अंघोळ, दूध, औषध उरकलं की सम्राट डोळे मिटायचा आणि ऐकायचा. त्याला नुसत्या आवाजावरून यंत्र दिसायचं.

"आबा, पुढची जाळी काढा. खालून अंगठा लावा, वर उचला. आलं?"

"आलं. लई घान हाय बग."

"धुवा. घासू नका, नुसतं पाणी सोडा."

जाळी धुतली. धप्प थांबला नाही.

"रिमोटवर किती हाय? एवढं कमी कशाला ठेवलं? जरा वाढवा. आता खिडकीचा तो पडदा बाजूला करा, हवा अडतीय."

तेही झालं. मग आतल्या नळीजवळची बारीक तार, जी खोली किती गार झाली ते यंत्राला सांगते. ती कुठं भिंतीला तर टेकली नाही ना, ते रंभाजींनी स्टुलावर चढून, मोबाइलच्या उजेडात पाहिलं. टेकलेली नव्हती. मग विजेचा दाब. स्टॅबिलायझरवरचा आकडा ते एकेक अंक उच्चारून वाचत. आकडा बरोबर होता.

"जाड पाइपवर हात ठेवा. गार लागतो?"

"लागतो."

"घाम आलाय का त्याला?"

रंभाजींनी बोटं पाहिली. "आलाय. थेंब हायेत."

"मग गॅस हाय. गॅस गेला असता तर घाम आला नसता."

"त्याला येतो," रंभाजी हळूच म्हणाले.

"व्हय. त्याचा मणका शाबूत हाय ना!"

असं चालायचं. अपघातापासून सम्राट एवढं बोलला नव्हता. आपण अजून कशाच्या तरी कामाचे आहोत ही जाणीव त्याच्या तोंडावर दिसायची. आणि रंभाजी, ज्यांना मुलाशी काय बोलावं हे कधी उमगलं नव्हतं, कारण उन्हाळे तुटपुंजे होते आणि मुलगा दरवेळी वर्षभरानं मोठा झालेला भेटे, त्यांना बोलायला एक पूर्ण यंत्र मिळालं होतं. बिघाड लवकर सापडू नये असं त्यांना कधी वाटलं असेल का? असा विचार मनात येतो आणि तो तसाच सोडून द्यावा लागतो.

मागच्या डब्याबद्दलही सम्राटनं विचारलं होतं. एकदा नाही, रोजच.

"मागचा पंखा फिरतो का?"

"फिरतो की. जोरात."

"ऊन असतं का त्याच्यावर?"

"न्हाई. दिवसभर सावली हाय."

"हवा गरम येते?"

"लई गरम. तोंडाजवळ उभं ऱ्हावत न्हाई."

"बरोबर हाय. खोलीतली गरमी बाहेर टाकतंय ते. जाळीवर धूळ असंल तर पाणी मारा."

रंभाजी पाणी मारत. पाणी मारलं की ते जरा बरं चाले, म्हणून ते दिवसातून अनेकदा मारत, आणि कोपीवरही शिंपडत. सम्राट पडून राहिलेल्या जागेवरून टाकीची सावली डोळ्यांपुढं आणी आणि पुढच्या शक्यतेकडं वळे. त्याला आलेला प्रत्येक जबाब खरा होता. पण यंत्राभोवती कुणी कोपी बांधली आहे का, हा प्रश्न कुठल्याही आयटीआयमध्ये शिकवत नाहीत. आणि आपण केलेली चांगली गोष्ट न विचारता सांगत सुटणं रंभाजींच्या स्वभावात नव्हतं. बाहेर टाकलेली उष्णता पाचटाच्या भिंतीला धडकून परत त्याच पत्र्याच्या पोटात जात होती. यंत्र स्वतःचाच गरम श्वास पुन्हा घेत होतं, गुदमरत होतं आणि जीव वाचवायला थांबत होतं.

भीमजयंतीच्या दिवशी दुपारी, चौकात डीजे लागलेला असताना, सम्राटला दुसऱ्यांदा ताप चढला. सकाळी रंभाजींनी त्याला नवा पांढरा सदरा घातला होता, तसबिरींना हार घातला होता. मिरवणूक आपल्या रस्त्यानं येईल तेव्हा खाट दारापर्यंत ओढायची, असं दोघांचं ठरलं होतं. ती आली तेव्हा रंभाजी ओल्या चादरी बदलत होते. आम्ही बर्फ नेऊन दिला. संध्याकाळी अंग उतरलं. सम्राटनं डोळे उघडून विचारलं, "गेली का मिरवणूक?"

"आत्ताच गेली," रंभाजी म्हणाले. "लई मोठी हुती."

शुभांगीला हे कळलं आणि ती महिनाअखेरीची वाट न पाहता दोन दिवसांत आली. सोबत स्ट्रेचर मावेल अशी गाडी होती. आणि कानिफही होता. त्याला तिनं त्याच्या सुट्टीच्या दिवशी घरातून उचलून आणलं होतं. ती शब्दाची पक्की होती. यंत्राला एक संधी देणं बाकी होतं.

"जय भीम आबा," कानिफ म्हणाला. मग खाटेकडं वळून, "काय रे साल्या, तुझ्याच्यानं एक एसी होईना?"

"कपॅसिटर असंल," सम्राट म्हणाला. आवाज बारीक झाला होता. "बाकी सगळं बघून झालंय. आबांना विचार."

"सगळं बघितलं," रंभाजी म्हणाले.

कानिफ पिशवी घेऊन खोलीमागं गेला. बराच वेळ पान्याचा आवाज आला नाही. मग तो परत आला आणि दारात उभा राहिला. पिशवी उघडलेलीच नव्हती.

"काय रे? कपॅसिटर?"

"न्हाई."

"पंखा?"

"पंखा मस्त हाय." कानिफनं रंभाजींकडं पाहिलं, मग फरशीकडं. "सम्या, कोपी हाय."

"काय हाय?"

"कोपी. आउटडोअरला कोपी बांधलीय आबांनी. पाचटाची. एक नंबर बांधलीय."

सम्राट हसायला लागला. त्याच्या छातीत हसायचं बळ नव्हतं, त्यामुळं नुसते खांदे हलले आणि डोळ्यांतून पाणी आलं. कानिफही हसला. रंभाजीही थोडं हसले, कारण मुलगा हसत होता. शुभांगी हसली नाही.

"ऊन लागत हुतं त्याला," रंभाजी म्हणाले. "हात ठिववत नव्हता."

"आबा, त्याला ऊन चालतं," कानिफ म्हणाला. "त्याला वारा लागतो. मोकळी हवा."

"आसं व्हय?" रंभाजी म्हणाले. आणि मग, कुणी काही समजावायच्या आत, त्यांना सगळं समजलं. त्यांच्या तोंडावरून ते स्पष्ट दिसलं. रोजचं पाणी, ओलं गोणपाट, दवाखाना, जयंती.

कानिफनं मोबाइलमध्ये काढलेला फोटो सम्राटच्या डोळ्यांपुढं धरला. त्यानं तो खूप वेळ पाहिला.

"दार पण ठेवलंय," तो म्हणाला.

रंभाजी स्वतःच मागं गेले. दोऱ्या सोडण्याचा, बांबू टाकल्याचा आवाज आला. कानिफ मदतीला उठला होता, शुभांगीनं त्याला हातानं बसवलं. मग यंत्र सुरू झालं. घरघर लागली आणि लागूनच राहिली. सगळे धप्पची वाट पाहत होते. तो आला नाही. खोली भराभर गार होत गेली. रंभाजी पाचटाचे तुकडे अंगावर घेऊन दारात आले आणि ऐकत उभे राहिले. एका बापाला एवढ्या भर दुपारी एवढी गार हवा लागावी आणि ती त्याला सोसवू नये, असं ते उभं राहणं होतं.

शुभांगी म्हणाली, "चला, झालं मग. मी बोलले हुते तसं. राहू दे त्याला." ती भावाकडं बघत नव्हती.

"ताई, गाडी आणलीय ना?" सम्राट म्हणाला.

"आणलीय. पण आता मशीन—"

"आणलीय तर जाऊ."

"आरं!" रंभाजी पुढं आले. "आता चालतंय की चांगलं. ऐक, थांबतंय का बग. न्हाई थांबत."

"आबा, ते आधी पण चांगलंच हुतं."

"म्या न्हाई बांधनार परत. काय बी न्हाई बांधनार. तू सांगशील तेवढंच करीन."

"तेवढंच करत हुता की तुमी." सम्राटला दम लागत होता. तो थांबून थांबून बोलत होता. "मी रोज इचारायचो, तुमी रोज सांगायचे. मी बी खरं, तुमी बी खरं. आन ताप चढला तो चढलाच. आता उन्हाळा हाय, मग पाऊस, मग थंडी. दरवेळी तुमी मायेनं काय तरी करनार, आन मला ते इचारायचं सुचनार न्हाई." तो छताकडं बघायला लागला. "मला मरायचं न्हाई आबा. मला वाटलं हुतं मरायचं हाय. जयंतीच्या दिवशी कळलं, न्हाई मरायचं."

बापानं ज्याच्यासाठी जागरणं केली, तेच मुलानं मागितलं होतं, आणि ते या खोलीत नव्हतं.

शुभांगी डोळे पुसून नर्ससारखी उठली. औषधं, पिशव्या, चादरी. कानिफ खाली जाऊन ड्रायव्हरला घेऊन आला. तिघांनी मिळून सम्राटला स्ट्रेचरवर घेतलं. मान कशी धरायची हे रंभाजींनी एकदाच, हातानं दाखवलं आणि बाजूला झाले. जिन्याच्या वळणावर स्ट्रेचर तिरपं करताना सम्राटचा हात कडेला घसरला. ड्रायव्हरनं तो उचलून ठेवला, जसा कुणीही ठेवेल.

गाडी गेल्यावर कानिफ वर आला. गाडीत स्ट्रेचरशेजारी शुभांगीपुरतीच जागा उरली होती, म्हणून त्याला नगरहूनच बस धरायची होती. रंभाजी रिकाम्या खाटेशेजारी स्टुलावर बसलेले होते. यंत्र चालूच होतं.

"आबा, चला माझ्यासंगं. शिवाजीनगरला उतरू, तिथनं मी सोडतो तुमाला चिंचवडला," तो म्हणाला. "रात्री तिथंच राहा, सकाळी भेटा त्याला."

'भेटा' म्हटल्यावर रंभाजींनी त्याच्याकडं पाहिलं. मग उठले, दारातल्या चपला पायांत सरकवल्या आणि कानिफला तिथंच सोडून एकटेच जिना उतरून निघून गेले.